गोळी न झाडणाऱ्याला फाशी : सॉलोमन महलांगू आणि ‘समान हेतू’चा कायदा

सॉलोमन महलांगूनं गोळी झाडली नव्हती. हा काही त्याच्या वकिलांचा बचाव नव्हे. ज्या न्यायाधीशांनी त्याला फाशी सुनावली, त्यांनीच हे मान्य केलं होतं की दोन माणसांचा जीव घेणाऱ्या गोळ्या त्याच्या साथीदारानं झाडल्या. तरीही ६ एप्रिल १९७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या मध्यवर्ती तुरुंगात फासावर गेला तो सॉलोमन. वय वर्षं २२. आणि गोळ्या झाडणाऱ्या साथीदारावर खटला चाललाच नाही.

आज दक्षिण आफ्रिकेत सॉलोमनच्या नावाचा मोठा रस्ता आहे, चौक आहे, पुतळा आहे, एका विद्यापीठाची इमारत आहे. पण त्याला नेमकं कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं, असं विचारलं की उत्तर ‘देशासाठी’ या शब्दाशी अडतं. ते खोटं नाही, अपुरं आहे. त्याचा जीव गेला तो एका विशिष्ट कायदेशीर युक्तिवादामुळे. त्या युक्तिवादाचं नाव ‘समान हेतू’. वर्णभेदी राजवट गेली, फाशी गेली, पण हा सिद्धान्त तिथे आजही जिवंत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ आपल्याकडच्या फिर्यादींमध्ये रोज दिसतो. म्हणून सॉलोमनची आठवण काढायची तर हा सिद्धान्त समजून घ्यावा लागतो.

आधी माणूस. जन्म १० जुलै १९५६, प्रिटोरियाचा. शहराच्या पूर्वेला असलेल्या मामेलोडी या काळ्यांसाठी राखलेल्या वस्तीत तो वाढला. आई मार्था गोऱ्यांच्या घरी कामाला जायची. वडील घर सोडून गेलेले. मामेलोडीच्या हायस्कुलात तो शिकत होता, पण शिक्षण पुरं झालं नाही, कारण मध्ये १९७६ साल आलं.

त्या सालाबद्दल थोडक्यात. काळ्या मुलांना मुद्दाम दुय्यम शिक्षण देणारा ‘बांटू शिक्षण कायदा’ १९५३ पासून होताच. त्यात १९७४ मध्ये फर्मान निघालं की गणितासारखे काही विषय आफ्रिकान्स भाषेतूनच शिकवायचे. आफ्रिकान्स ही राज्यकर्त्यांची भाषा. मुलांना ती नीट येत नव्हती आणि बऱ्याच शिक्षकांनाही येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली हजारो शाळकरी मुलं मोर्चा घेऊन निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, आणि आगडोंब देशभर पसरला. सरकारनंच नेमलेल्या सिलिये आयोगाचा पुढच्या फेब्रुवारीपर्यंतच्या मृतांचा आकडा ५७५ आहे. सरकारी आकडा आहे, तेव्हा तो कमीत कमी समजावा.

या गोळीबारानंतर हजारो तरुण सीमा ओलांडून गेले. सॉलोमन त्यातलाच एक. सप्टेंबर १९७६ मध्ये तो वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये दाखल झाला आणि तिच्या सशस्त्र शाखेत, म्हणजे ‘उम्खोंतो वी सिझवे’मध्ये गेला. या नावाचा अर्थ ‘राष्ट्राचा भाला’. अंगोला आणि मोझांबिकमध्ये त्याचं प्रशिक्षण झालं. ११ जून १९७७ रोजी दहा जणांची तुकडी शस्त्रं, दारूगोळा आणि पत्रकं घेऊन स्वाझीलँडमार्गे परत दक्षिण आफ्रिकेत शिरली. सोवेटोच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आंदोलनांना बळ द्यायचं, असा बेत होता.

दोनच दिवसांत बेत फसला. १३ जून १९७७ रोजी जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन, मॉन्डी मोट्लाउंग आणि लकी महलांगू (आडनाव एक, माणूस वेगळा) असे तिघं मोठ्या बॅगा घेऊन चालले होते. पोलिसांनी हटकलं. लकी निसटला. सॉलोमन आणि मोट्लाउंग पळत गॉच स्ट्रीटवरच्या एका गोदामात शिरले. तिथे मोट्लाउंगनं गोळ्या झाडल्या. गोदामातली दोन माणसं ठार झाली, दोन जखमी झाली. मेलेले दोघे ना पोलीस होते ना सैनिक. आपल्या कामावर आलेली साधी माणसं होती ती. स्मारकांवर ही बाब सहसा नसते; असायला हवी, कारण तिच्याशिवाय खटला कळत नाही.

दोघे पकडले गेले. मोट्लाउंगला इतकी मारहाण झाली की त्याच्या मेंदूला कायमची इजा पोहोचली आणि तो खटल्याला उभा राहण्यास अपात्र ठरला. याचा सॉलोमनला दुहेरी फटका बसला. खटल्यात तो एकटा आरोपी उरला. आणि काय ठरलं होतं, काय ठरलं नव्हतं, गोळी का सुटली, हे सांगू शकणारा एकमेव माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात येऊ शकला नाही.

७ नोव्हेंबर १९७७ रोजी खटला सुरू झाला. आरोप खुनाचे दोन, खुनाच्या प्रयत्नाचे दोन, शिवाय दहशतवाद कायद्याखालचे. सॉलोमननं गुन्हा नाकबूल केला. १ मार्च १९७८ रोजी तो दोषी ठरला आणि दुसऱ्या दिवशी फाशीची शिक्षा झाली.

आता तो सिद्धान्त.

एरवी खुनाच्या खटल्यात सरकारी पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आरोपीच्या कृतीमुळे माणूस मेला, ही पहिली. ती कृती करताना आरोपीचं मन दोषी होतं, म्हणजे त्याला मारायचं होतं किंवा माणूस मरू शकेल हे ठाऊक असूनही तो थांबला नाही, ही दुसरी. ‘समान हेतू’ पहिली गोष्ट बाजूला सारतो. अनेकांनी मिळून गुन्हा करायचं ठरवलं असेल, तर एकाची कृती ही सगळ्यांची कृती मानायची. कुणाच्या हातून मेलं, हा प्रश्नच मग उरत नाही.

उदाहरण घेऊ. चौघे जण रात्री सोनाराचं दुकान फोडायला निघतात. एकाच्या हातात कोयता आहे आणि तो सगळ्यांनी पाहिलाय. चौथा रस्त्यावर गाडी सुरू ठेवून बसतो. आत राखणदाराला जाग येते, कोयतेवाला वार करतो, राखणदार मरतो. गाडीतल्या माणसानं राखणदाराचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याच्यावर खून लागतो का? न्यायालय तीन पायऱ्या तपासतं. एक, गुन्हा करायचं आधी ठरलं होतं का? दोन, त्या भानगडीत एखादा जीव जाऊ शकतो हे या माणसाला कळत होतं का? तीन, कळूनही ‘गेला तर गेला’ म्हणून तो सामील राहिला का? तिन्हींना ‘हो’ आलं, की गाडीतला माणूस खुनी. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या या मनःस्थितीला तिथले वकील लॅटिनमध्ये ‘डोलस इव्हेन्च्युॲलिस’ म्हणतात. कोयता पिशवीत लपवलेला होता आणि इतर तिघांना त्याचा पत्ताच नव्हता, तर मात्र दुसरी पायरी मोडते आणि खुनाचा आरोप गळून पडतो.

हेच सॉलोमनला लावून बघा. पहिली पायरी: शस्त्रं घेऊन देशात शिरायचं, हे ठरलं होतं, नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसरी: लष्करी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बॅगेत बंदूक असताना पोलिसांनी हटकलं तर काय होऊ शकतं, हे कळत नव्हतं असं म्हणणं अवघड. तिसरी: तरीही तो बॅग घेऊन निघाला. न्यायालयाच्या दृष्टीनं हिशेब पुरा झाला. ट्रिगरवर बोट कुणाचं होतं, हे मान्य करून बाजूला ठेवता आलं ते यामुळेच.

यातली कमकुवत कडी पहिल्या पायरीत आहे. ठरलं होतं ते नक्की काय? राजवटीविरुद्ध लढायचं, हे ठरणं एक. आणि गोदामातल्या कामगारांवर गोळ्या झाडायच्या, हे ठरणं अगदी वेगळं. लपायला जागा शोधत शिरलेल्या दोघांपैकी एकानं घाबरून किंवा चिडून झाडलेली गोळी त्या ठरलेल्या बेतात बसते की बेताच्या बाहेरची आहे? ठरावाचं वर्तुळ जितकं मोठं आखाल, तितकी जास्त माणसं आणि जास्त कृत्यं त्यात येतात. संपूर्ण मुक्तिसंग्राम हाच ‘ठरलेला गुन्हा’ धरला, तर त्यात सामील असलेला प्रत्येक जण प्रत्येक गोळीला जबाबदार ठरतो. राजकीय खटल्यांमध्ये हा सिद्धान्त सरकारच्या सोयीचा का, याचं उत्तर या वर्तुळात आहे.

आरोप लागणं आणि फासावर जाणं यांच्यामध्ये आणखी तीन दारं असतात. सॉलोमनच्या वेळी तिन्ही जवळपास बंद होती.

पहिलं, ज्यूरीची पद्धत दक्षिण आफ्रिकेनं १९६९ मध्ये संपवली होती. निकाल न्यायाधीश आणि त्यांच्यासोबत बसणारे साहाय्यक देत, आणि त्या काळी न्यायाधीशांच्या आसनावर गोराच माणूस असे. दुसरं, खून सिद्ध झाला की फाशी ही शिक्षा बंधनकारक होती. गुन्ह्याची तीव्रता कमी करणारी परिस्थिती होती हे दाखवायचं ओझं आरोपीवर. घटनेच्या वेळी विशीतलं वय आणि स्वतः गोळी न झाडणं, यांपैकी कशानंही सॉलोमनचा फास चुकला नाही. तिसरं, अपिलाचा हक्क आपोआप मिळत नसे. अपील करू द्या, अशी परवानगी मागावी लागे. ती १५ जून १९७८ रोजी जोहान्सबर्गच्या न्यायालयानं नाकारली आणि २४ जुलैला ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयानंही. म्हणजे वरच्या न्यायालयात या युक्तिवादाची पुरती सुनावणी झालीच नाही. भारतात सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीनं अपील करो वा न करो. दक्षिण आफ्रिकेत फाशीच्या आरोपीला अपिलाचा आपोआप हक्क मिळाला तो १९९० मध्ये.

सॉलोमनची वकील होती प्रिसिला जना. डर्बनच्या भारतीय वंशाच्या कुटुंबातली, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुंबईच्या सोफिया कॉलेजात शिकलेली. परत गेल्यावर ती कायद्याकडे वळली आणि वर्णभेदी राजवटीतले कितीतरी राजकीय खटले तिनं चालवले. फाशी टळावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी आवाहन केलं, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी शब्द टाकला. प्रिटोरियानं ऐकलं नाही. फाशीची तारीख पडली ६ एप्रिल. याच तारखेला १६५२ मध्ये यान व्हान रीबेक केपच्या किनाऱ्यावर उतरला होता आणि तिथली गोऱ्यांची वसाहत सुरू झाली होती.

सॉलोमनचा निरोप म्हणून जे शब्द जगभर गेले, त्यांचा अर्थ असा: ‘माझं रक्त त्या झाडाला पोसेल, ज्याला स्वातंत्र्याची फळं लागतील. माझ्या माणसांना सांगा, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांनी लढा चालू ठेवावा.’

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात गावच्या बांधावरून हाणामारी झाली आणि एकाचा जीव गेला, की बातमीत ‘३०२ सह ३४’ असं वाचायची सवय आपल्याला होती. त्यातलं ३४ म्हणजे भारतीय दंड संहितेतला ‘समान इरादा’. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ३(५) झालाय. बेकायदा जमावासाठीचं १४९ आता १९० झालंय. काठी एकाची, आरोपी घरातले सात, असं चित्र दिसतं ते या कलमांमुळे. बांधणी हुबेहूब दक्षिण आफ्रिकेसारखी नाही, पण मूळ इंग्रजी कायद्यातलंच आहे आणि वळणही तेच.

इंग्रजांच्या काळातला एक खटला तर सॉलोमनच्या खटल्याचा थोरला भाऊच वाटतो. १९२३ मध्ये कलकत्त्यात शांखारीटोला पोस्टावर क्रांतिकारकांनी धाड घातली आणि पोस्टमास्तर गोळीनं मेला. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणत होता, मी बाहेर अंगणात उभा होतो, गोळी मी झाडली नाही. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. कौन्सिलनं ठरवलं की बाहेर उभं राहणाराही समान इराद्यात भागीदार असेल तर तोही खुनालाच जबाबदार. कलम ३४ शिकवताना हा निकाल आजही पहिल्यांदा सांगतात.

नाशिकचं जॅक्सन प्रकरण मात्र यात मिसळू नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या झाडल्या अनंत कान्हेरे यांनी, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही फासावर गेले. पण तिथे त्याच एका कृत्याचा कट होता. काय करायचं, कुणाला मारायचं, हे नेमकं ठरलेलं होतं. गॉच स्ट्रीटच्या गोदामाबाबत असं काहीच ठरलेलं नव्हतं. हा फरक बारीक वाटतो, पण सॉलोमनचा जीव त्या फरकातच अडकला होता.

सॉलोमननंतर दक्षिण आफ्रिकेत हे वर्तुळ आणखी फुगलं. ३ सप्टेंबर १९८४ रोजी शार्पव्हिलमध्ये भाडेवाढीवर चिडलेल्या जमावानं स्थानिक कौन्सिलच्या उपमहापौराला ठार केलं. सहा जणांना फाशी झाली, त्यात एक बाई होती. सहांपैकी अमुकाच्या कृतीनं माणूस मेला, असं सिद्ध झालं नव्हतं. अपील न्यायालय म्हणालं, त्याची गरजच नाही; जमावाच्या हेतूशी ते ‘सक्रियपणे जोडले गेले’ एवढं पुरे. इथे आधी ठरण्याची अटही गेली. जागच्या जागी, त्या क्षणी सामील झालं तरी चालतं. जगभर ओरड झाली. १८ मार्च १९८८ ही फाशीची तारीख आदल्या दिवशी स्थगित झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिक्षा कमी करण्यात आली.

या टीकेनंतर, म्गेडेझी खटल्यात, अपील न्यायालयानं आधी काही ठरलेलं नसताना लागू होणाऱ्या पाच अटी घातल्या. आरोपी घटनास्थळी हजर हवा. हल्ला चाललाय हे त्याला कळत असायला हवं. हल्लेखोरांच्या बाजूनं उभं राहायचा त्याचा हेतू हवा. तो हेतू त्यानं स्वतःच्या काही कृतीतून दाखवलेला हवा, नुसतं उभं राहणं चालणार नाही. आणि मृत्यूबाबत त्याचं स्वतःचं मन दोषी हवं. यातली चौथी अट सगळ्यात कामाची. बघ्यांना ती वाचवते. व्यवहारात चुकतं ते असं की पाच अटी प्रत्येक आरोपीला सुट्या सुट्या लावायच्या असतात, आणि वीस आरोपींच्या खटल्यात सरकारी पक्ष ‘ते सगळे तिथे होते’ एवढ्यावर भागवू पाहतो.

फाशी मात्र गेली. शेवटची फाशी नोव्हेंबर १९८९ मध्ये झाली, २ फेब्रुवारी १९९० रोजी अध्यक्ष डी क्लर्क यांनी फाशीच्या अंमलबजावणीला थांबा दिला, आणि ६ जून १९९५ रोजी नव्या घटनात्मक न्यायालयानं मक्वान्याने खटल्यात ही शिक्षाच घटनाबाह्य ठरवली. मग ‘समान हेतू’ही जाईल, असं अनेकांना वाटलं होतं. २००३ च्या थेबस खटल्यात घटनात्मक न्यायालयानं तो घटनेला धरून असल्याचं सांगितलं. संघटित गुन्हेगारीत प्रत्येकाच्या हाताचा हिशेब काढणं अशक्य असतं, हे त्यामागचं कारण.

१६ ऑगस्ट २०१२ रोजी मरिकाना इथे पोलिसांनी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना गोळ्या घातल्या. त्यानंतर अटकेतल्या २७० कामगारांवर स्वतःच्याच मेलेल्या सहकाऱ्यांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. आधार समान हेतू: तुम्ही जमाव केलात, पोलिसांना चिथावलंत, म्हणून मृत्यूला जबाबदार तुम्ही! हे सॉलोमनच्या पक्षाच्या राज्यात घडलं. देश हादरला आणि काही दिवसांतच आरोप तूर्त मागे घेतले गेले.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा सिद्धान्त नुसता खलनायक वाटेल. १९९८ मध्ये टेंबिसा वस्तीत एका टोळीनं रात्रभर घराघरांत शिरून बायकांवर सामूहिक बलात्कार केले. आरोपींचा बचाव असा की बलात्कार स्वतःच्या शरीरानंच होतो, त्यामुळे समान हेतू त्याला लागूच होत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये घटनात्मक न्यायालयानं हा बचाव फेटाळला: पहारा देणारा, धरून ठेवणारा, सगळेच दोषी. हा निकाल चुकला असं म्हणणं कठीण आहे. तेव्हा सिद्धान्त पुसून टाकणं हे उत्तर नव्हे; वर्तुळ कोण आखतो आणि किती मोठं आखतो, यावर पहारा हवा.

फाशीनंतर राजवटीला भीती होती ती अंत्ययात्रेची. मामेलोडीत लोक जमतील, म्हणून सॉलोमनला प्रिटोरियाच्या दुसऱ्या टोकाला, अटरिजव्हिलमध्ये पुरलं गेलं. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे देह लाहोरहून रातोरात सतलजच्या काठी हुसेनीवाल्याला नेले होते, त्यामागची भीती हीच. १४ वर्षांनी, ६ एप्रिल १९९३ रोजी, सॉलोमनचे अवशेष काढून मामेलोडीत पुन्हा दफन केले गेले. पहिली सर्वांची निवडणूक तोवर वर्षभर दूर होती. त्या दफनानंतर चारच दिवसांनी उम्खोंतोचा नेता ख्रिस हानी याची त्याच्या घराच्या दारात हत्या झाली; आठवणी काढायलाही उसंत न देणारे दिवस होते ते.

सॉलोमनच्या नावानं सगळ्यात आधी उभी राहिली ती शाळा. टांझानियात मोरोगोरोजवळ मझिंबू इथे घायपाताचा एक पडीक मळा तिथल्या सरकारनं १९७७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दिला होता. १९७६ नंतर देश सोडून आलेल्या पोरांचं करायचं काय, हा खरा प्रश्न होता. सगळ्यांनाच बंदूक द्यायची नव्हती. तिथे वर्ग, वसतिगृहं, शेती, पाळणाघर, दवाखाना असं गावच वसवलं गेलं आणि १९७९ मध्ये त्याला ‘सॉलोमन महलांगू स्वातंत्र्य महाविद्यालय’ असं नाव मिळालं. ज्याची शाळा सुटली त्याच्या नावाची शाळा. निर्वासित परतू लागल्यावर १९९२ मध्ये ती टांझानियाला सोपवली गेली आणि आज तिथे सोकोइने कृषी विद्यापीठाचं आवार आहे, नाव अजून सॉलोमनचंच. बाकीचं भराभर: २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा मेंडी शौर्य सन्मान, २०१२ मध्ये प्रिटोरियातल्या एका हमरस्त्याचं स्ट्रायडम या वर्णभेदी पंतप्रधानाचं नाव जाऊन सॉलोमनचं नाव. २०१५ च्या फीवाढविरोधी आंदोलनात विद्यार्थ्यांनी जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या सिनेट हाउसला ‘सॉलोमन हाउस’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे विद्यापीठानंही ते नाव घेतलं.

सॉलोमन निदान सापडला. १९६० ते १९९० या काळात प्रिटोरियाच्या त्या तुरुंगात सुमारे १३० राजकीय कैदी फासावर गेले. फाशी गेलेल्याचा देह सरकारी मालमत्ता मानली जाई. घरच्यांना तो मिळत नसे आणि बेवारशांच्या जागेत बिनखुणेचं दफन होई. यातल्या ८३ जणांना शोधण्याचं काम २०१६ मध्ये सरकारी वकिलांच्या बेपत्ता व्यक्ती शोध पथकानं हाती घेतलं.

हे काम कसं चालतं? तुरुंगाच्या फाशीच्या नोंदींतून नाव आणि तारीख मिळते. ती तारीख घेऊन दफनभूमीच्या नोंदवहीत गट आणि खड्ड्याचा क्रमांक शोधायचा. मग तो क्रमांक जमिनीवर नेमका कुठे, हे मापून काढायचं, कारण वर दगड नाही, पाटी नाही, कधी कधी नुसतं गवत. खोदल्यावर अडचण अशी की बेवारशांच्या एका खड्ड्यात एकावर एक पेट्या ठेवलेल्या असतात. एका वेळी सात जणांना फाशी देता येईल अशी सोय त्या तुरुंगात होती, त्यामुळे एकाच दिवशीचे अनेक देह असू शकतात. कोणती पेटी कुणाची, हे पेट्यांच्या क्रमावरून आणि हाडांवरून कळणाऱ्या वयावरून, उंचीवरून ठरवायचं. जुळत नसेल तर घरच्यांच्या रक्ताशी ताडून पाहायचं. खोदताना घरच्यांना बोलावतात, खड्ड्याच्या काठावर त्यांची प्रार्थना होते, आणि ओळख पटल्यावर अवशेष त्यांच्या हवाली केले जातात.

तुरुंगाचं नाव आता ख्गोसी माम्पुरू दुसरा. हा पेडी जमातीचा राजाही १८८३ मध्ये प्रिटोरियातच फासावर गेला होता. १९९६ मध्ये मोडून काढलेला फाशीचा कक्ष २०११ मध्ये पुन्हा उभारून स्मारक म्हणून खुला केला गेला. तिथे जायला ५२ पायऱ्या चढाव्या लागतात. फाशीच्या आदल्या रात्री सगळे कैदी मिळून गात, ते त्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येई.